शिकवणीपुरता रबरी माणूस

कस्टमच्या साहेबांची जीप बांधाजवळ थांबली, तेव्हा आमचा रबरी माणूस टोमॅटोच्या वाफ्यात उभा होता. अंगात माझ्या नवऱ्याचा सदरा, डोक्याला त्याचाच पटका, दोन्ही हात आडव्या बांबूला बांधलेले. नवरा वर्षापूर्वी वारला होता, कपडे पडूनच होते. साहेब खाली उतरले, कागद उघडला आणि म्हणाले, "परदेशातून मागवलेला प्रशिक्षणाचा पुतळा बघायचाय. कुठं आहे?"

माझी सून शेजारी उभी होती. तिनं डोळेच मिटून घेतले. मी हात करून दाखवलं, "त्यो काय, तितं."

साहेब बघत राहिले. मग विचारलं, "तो तिथं काय करतोय?"

"पाखरं राखतोय."

माझी शाळा चौथीपर्यंत. पण कागद सगळे माझ्या नावावर होते. सिक्युरिटी गार्ड तयार करायचं केंद्र मुलानं फौजेत असतानाच काढायचं ठरवलं. नोकरीत असताना त्याला धंदा करता येत नव्हता, म्हणून सही माझी. तो सुटून आला तरी नाव बदलायचं राहिलं ते राहिलंच. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. सासऱ्यांनी ती मोडून सणसरला कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला धरला. मुलानं आणखी तिसरंच धरलं. बारामतीच्या एमआयडीसीत तेव्हा कारखान्यांमागून कारखाने उभे राहत होते आणि प्रत्येक गेटावर गार्ड लागत होता.

त्या वर्षी एका कंपनीनं बायका गार्ड मागितल्या. इकडं असं कुणी ऐकलंही नव्हतं. अकरा पोरी जमल्या. बऱ्याचशा सणसरच्या, काही पणदऱ्याच्या, दोघी लोणी भापकरच्या. सून त्यांना शिकवायची, कारण माझ्या मुलाकडून ती आधी सगळं शिकली होती. कंपनीची अट अशी, की आग लागली तर बेशुद्ध माणूस उचलून बाहेर आणता आला पाहिजे. आम्ही पोत्यात माती भरून पोरींना पळवत होतो. कंपनीचा माणूस बघायला आला आणि हसला. "पोत्याला हातपाय नसतात," म्हणाला. "बेशुद्ध माणसाचे हातपायच आडवे येतात." म्हणून परदेशातून तीन रबरी माणसं मागवली, कारण परीक्षेत तीन पोरींनी एकाच वेळी तीन माणसं धुरातून काढायची होती. एक आमच्यापर्यंत आला. दोन मुंबईच्या गोदीत अडकले. परीक्षा आठ दिवसांवर आली होती. दोन माणसं आली नाहीत तर अकरा पोरींची नोकरी गेली, एवढं साधं होतं.

कस्टममध्ये प्रत्येक मालाचा खाना ठरलेला असतो. गोदीतून माल सोडवून देणारा आमचा एजंट त्याला हेडिंग म्हणायचा. आमच्या माणसाला कुठल्या खान्यात घालायचं यावर तिकडं भांडण लागलं होतं. एक म्हणे ही बाहुली, खेळण्यांत घाला. दुसरा म्हणे हा कापडदुकानातला पुतळा. तिसरा म्हणे व्यायामाचं सामान. एजंटानं लिहून दिलं होतं, शिकवणीचा नमुना. त्या खान्याला कर कमी, पण अट कडक होती. ती वस्तू फक्त शिकवायला असली पाहिजे आणि दुसऱ्या कशालाही उपयोगी पडता कामा नये. तसं लिहून घेऊन, माझी सही घेऊन पहिला माणूस सोडला होता. साहेब आले होते ते खरंखोटं बघायला. त्यांनी बरं लिहिलं तर बाकीचे दोन सुटणार होते.

आणि मी त्याला गडी लावून वाफ्यात उभा केला होता. गावची जत्रा म्हणून पोरींना दोन दिवस सुट्टी होती. मुलगा एजंटाकडं मुंबईला गेलेला. रबरी माणूस पडवीत लोळत होता, आणि वाफ्यात पाखरं लाल टोमॅटोला चोची मारत होती. आमच्या घरात एका कामाची वस्तू कधी नव्हती. घोंगडं अंथरायला, पांघरायला, पावसात डोक्यावर घ्यायला, धान्य वाळत टाकायला. एवढा महागाचा धडधाकट गडी रिकामा झोपलेला मला बघवेना.

"म्हणजे बुजगावणं म्हणून हा उपयोगी पडतो," साहेब म्हणाले.

"पडतो की!" मी म्हणाले. "आन् येवढ्यावरच न्हाय. वाळवणाला राखण म्हनून बसवला व्हता. बैलगाडीत फुडं बसवला तर लांबनं वाटतं गडी बसलाय, चोर येत न्हाय."

साहेब लिहीत होते. सुनेनं माझ्या दंडाला चिमटा काढला. मला वाटलं, माझी हुशारी बघून तिला हेवा वाटतोय.

साहेबांनी पेन थांबवलं. "बाई, ही सही तुमचीच ना? तुम्ही लिहून दिलंय की याचा दुसरा काहीच उपयोग नाही. आता तुम्हीच तीन उपयोग सांगितले. वर त्याच्या अंगात कपडे. हा तर दुकानातल्या पुतळ्याच्या खान्यात जाईल. खोटं लिहून दिलं असेल तर गोदीतला माल जप्त होतो, आणि हाही घेऊन जावा लागेल."

पोरींना काय सांगायचं? दोघींनी तर ठरलेली लग्नं पुढं ढकलली होती.

सून पुढं आली. "आत्या, खरं सांगा. एक तरी पाखरू भ्यालंय का त्याला?"

"तू गप ग."

"काल सकाळी तुमीच शिव्या घालत व्हता त्याला. मुडद्या म्हनालात. म्या ऐकलंय."

तेवढ्यात एक साळुंकी आली. पटक्यावर बसली. तिथं घाण केली. मग खांद्यावर उतरली, तिथून खाली, आणि आमच्या डोळ्यांदेखत एक लालभडक टोमॅटो फोडला. मागून दुसरी आली, ती त्याच्या हातावर बसून जोडीदारणीची वाट बघत राहिली. जीपचा ड्रायव्हर खो खो हसायला लागला.

मनाला फार लागलं. आपली वस्तू बिनकामाची, असं परक्या माणसासमोर मी जन्मात बोलले नव्हते. पण बोलले.

"साहेब, बुजगावणं वाऱ्यानं हललं पायजे. गवताचं असतं ते हलतं. ह्यो साठ किलोचा. वादळ आलं तरी ह्याचं बोट हलत न्हाय. पाखरांना कळलंय."

"आणि वाळवण?"

"कोंबड्या त्याच्या मांडीवर बसून खात व्हत्या."

"बैलगाडी?"

"गाडीत चढवायला चार गडी लागत्यात. येकदा चढवला, परत कोन चढवतंय?"

"म्हणजे उपयोग नाही?"

"न्हाय. बिनकामाचा हाय मुडदा."

साहेबांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. खांदे हलत होते. मग म्हणाले, "शिकवायला कसा वापरता ते दाखवा."

सुनेनं पदर खोचला. विळ्यानं दोऱ्या कापल्या तसा तो तिच्या अंगावर कोसळला. ती स्वतः पंचेचाळीस किलोची असेल. तिनं गुडघा टेकला, त्याचा एक हात आपल्या मानेवरून ओढला, त्याच्या मांडीखालून आपला हात घातला आणि उठली. एकदम उठली! पटका खाली पडला, साळुंक्या उडाल्या. ती वाफ्यातून बांधावर आली आणि बांधानं विहिरीकडं पळत सुटली. त्याचं डोकं तिच्या पाठीवर आपटत होतं. मी मागं पळत होते. ह्या वयात, अनवाणी. "सोडू नगं! सोडू नगं!" ओरडत होते. ड्रायव्हरही पळत होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. विहिरीला वळसा घालून ती आली आणि साहेबांच्या पायापाशी त्याला हळू निजवला, मान सांभाळून, जणू जिताजागता असावा.

"धुरात आसंच, पर डोळं बांधून," ती धापा टाकत म्हणाली.

साहेबांनी कागद जीपच्या टपावर ठेवला आणि स्वतः खाली वाकले. त्याला कमरेतून धरून उचलायला गेले. तो वीतभर हलला.

"साहेब, कंबर जाईल," ड्रायव्हर म्हणाला.

साहेबांनी सोडून दिलं. आधीचं पान फाडलं, नवीन लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: फक्त प्रशिक्षणासाठी, इतर उपयोगास अयोग्य असल्याचे प्रत्यक्ष पाहिले. मी विचारलं, "साळुंकीचं लिवलं का?"

"नाही. वरचे लोक विश्वास ठेवणार नाहीत."

मी सही केली. सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि आम्ही दोघी लहान पोरींसारख्या हसलो. मी सहसा हसत नाही.

चार दिवसांत बाकीचे दोन आले. पोरींनी दिवसभर तिघांनाही इतकं ओढलं, की एकाचा अंगठा फाटला. परीक्षेला कंपनीनं ओला पेंढा पेटवून धूर केला. अकरापैकी नऊ पास झाल्या. पणदऱ्याच्या एकीचा पाय मुरगळला, आणि एक धुराला घाबरली ती आत गेलीच नाही. नऊ जणी गेटावर उभ्या राहिल्या आणि सून त्यांच्यावर सुपरवायझर झाली.

त्या दिवशी बांधावर आम्ही चौघं होतो. साहेब पुढं वारले, एजंटानं सांगितलं. ड्रायव्हरचं काही कळलं नाही. साळुंकीचं खरं सांगायला आता मी आहे आणि सून आहे.