तिरोड्याजवळच्या सैपाकखोलीत फोमचा तुकडा

तिरोड्याला मुद्दाम फिरायला सहसा कुणी जात नाही. मी गेले ती एका पायासाठी.

नागपूरला माझं काम कृत्रिम पाय आणि पायांचे आधार बनवण्याचं. तिरोड्याजवळच्या गंगाबाईंच्या तळव्याची जाणीव मधुमेहाने गेलेली, एक बोट आधीच काढलेलं. मी त्यांच्या सँडलमध्ये घट्ट पॉलिथिन फोमचा थर बसवून दिला होता. हा फोम तापवला की मऊ पडतो, पायाचा आकार घेतो आणि गार झाल्यावर तो आकार धरून ठेवतो. तरीही अंगठ्याखालची जखम पुन्हा उघडली. सर्जननी सांगून टाकलं होतं, यावेळी भरली नाही तर पुढचं अर्धं पाऊल काढावं लागेल. माझाच फोम जास्त कडक झाला का, हे मनातून जाईना. शेवटी फोमचे तुकडे, कात्री आणि पॉलिश पेपर पिशवीत घालून निघाले.

नागपूरच्या इतवारी स्टेशनहून सकाळची गोंदियाकडे जाणारी गाडी धरावी. तिकीट चहा-पोह्याच्या खर्चात बसतं. तुमसर रोडनंतर शेतात कापून रचलेल्या धानाचे ढीग, पुंजणे, दिसू लागतात, पुढे वीज केंद्राच्या नव्या चिमण्या. समोरचे काका शेजाऱ्याला सांगत होते, "वीज बनते आपल्याइथं, अन् लाईन जाऊन राह्यली आपलीच." स्टेशनबाहेर ऑटो मिळतात. रस्त्यावर धूळ फार, रुमाल जवळ असू द्या.

गंगाबाईंचं घर धानाची शेती असलेल्या पोवार कुटुंबाचं. त्या अंगणात वाळत घातलेल्या धानातून अनवाणीच पुढे आल्या. सँडल दाराबाहेर भिंतीला टेकून उभी. उचलून पाहिली, तर फोम जवळजवळ कोरा. मी चार रात्री ज्या कडकपणाचा विचार करत होते, त्यावर त्या उभ्याच राहिल्या नव्हत्या. दवाखान्याला आणि बाजाराला जाताना सँडल घालायच्या. पण त्यांचं सगळं चालणं अंगण ते चूल, आणि चुलीजवळच घरचे देव.

घरात काऊन घालत नाही, असं विचारल्यावर त्यांनी सासूकडे पाहिलं. सासूबाईंना घरात सगळे माय म्हणतात. सुपातला तांदूळ पाखडता पाखडता, मान वर न करता माय म्हणाल्या, "चपला सैपाकात? मंग देवाच्या डोक्शावरच ठेवा ना."

मी पाय जाईल वगैरे समजावू लागले. त्यांनी सूप खाली ठेवलं. रोज कोमट पाण्याने ती जखम त्याच धुवत होत्या, हे मला तेव्हा कळलं. "मले समजत नाही का, मॅडम? तिचा पाय हाय. पन चप्पल ते चप्पल."

मग त्यांनीच चौकशी सुरू केली. यात चामडं हाय का? नाही. हा पिशवीतला तुकडा रस्त्यावर पडला का? नाही. बराच वेळ फोम बोटांनी दाबून पाहिला. मी चाचरत तवा मागितला, कारण ओव्हन नागपूरला होता. जुना, टाकाऊ तवा मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी रोजचा काढला. "जुन्यावर एकसारकं भाजत नाही," म्हणाल्या, आणि चिकटू नये म्हणून तांदळाचं पीठ स्वतःच भुरभुरलं.

मंद आचेवर फोम उलटसुलट करत राहावा लागतो, नाहीतर वितळतो. गंगाबाईंना चटका कळला नसता, म्हणून आधी माझ्या मनगटावर लावून पाहिला. पट्टी बांधलेल्या पायावर जाड मोजा चढवला, जखमेखाली खळगा राहावा म्हणून मोज्याच्या आत कापसाची छोटी गादी ठेवली आणि फोम निवेपर्यंत त्यांना त्यावर उभं केलं. दुसऱ्या पायाचंही तसंच. वर बांधायला मायने जुन्या लुगड्याचे पट्टे काढून दिले.

"हे आमच्या चुलीवर भाजलं," माय म्हणाल्या. "त्याले चप्पल कोन म्हनन? पन भाईर नेलं का झाली चप्पल."

भात आणि लाखोरीची डाळ जेवून निघाले. परतीच्या गाड्या जास्त म्हणून आधी गोंदियाला गेले. जंक्शनवर बसून विचार करत राहिले. मी त्यांच्या नियमाला बगल दिली, की त्यांनीच नियमात जागा काढून दिली? बगल असती, तर मायने मला दारातूनच परत पाठवलं असतं. निदान मला तसं वाटतं. आणि घरात कुठे कुठे चालता, हे मी आधी एकाही पेशंटला का विचारलं नाही? आता विचारते.

उन्हाळ्यात गंगाबाई नागपूरला आल्या. जखम भरलेली होती. घरातली जोडी किती झिजली ते पाहायचं होतं, पण ती आणलीच नव्हती. कशी आणणार? खालचा फोम दबलाय, एवढं सांगितलं. नवी जोडी लगेच इथेच बनवते म्हणून मी ओव्हन लावला.

"इथली घरात नाही चालनार, मॅडम," त्या म्हणाल्या. "माय तवा घासून वाट पाहून राह्यली. तुमीच या."

मी ओव्हन बंद केला.