स्वस्तातलं पोतं

शेजारच्या गच्चीवर वाळणाऱ्या लाल मिरचीचा ठसका नाकात गेला, की मला माझंच हसू येतं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि मी स्वतःला घरखर्चातली मोठी जाणकार समजत होते. दुकानातून पाव-पाव किलो तिखट आणण्यापेक्षा चार घरांनी मिळून बाभुळगावच्या बाजारातून वर्षाची मिरची एकदमच घ्यायची, हा बेत माझाच. भल्या सकाळी गेले, सगळ्यांत स्वस्त पोतं घासाघीस करून आणखी स्वस्तात पाडलं आणि लढाई जिंकल्यासारखी परतले. अंगणात चार दिवस ऊन खाल्ल्यावर ती मिरची वजनात जेमतेम पाऊण हिस्सा उरली, कारण विकणाऱ्यानं वजनासाठी तिच्यावर पाणी मारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "पानी इकत आणलं काय वं? आपल्या इहिरीले पानी नव्हतं काय?" पण शेजारणींपुढं मला खोटं पडायचं नव्हतं. त्यांचे तिन्ही वाटे मी पुरेपूर भरून दिले. आमच्या बरणीच्या तळाला मूठभर तिखट उरलं. ते वर्ष आम्ही फिक्या भाजीवर काढलं. पुढच्या हंगामात शेजारणी पुन्हा आल्या, तेव्हा मी आतल्या खोलीत दडून बसले. सासूबाईंनीच पिशवी हातात कोंबली, "जाय, तूच जाय. एवढी महाग शिकवनी दुसऱ्या कोनाची झाली नाही." मी भर दुपारी गेले, मिरची कानाशी धरून मोडली, कडकन वाजली तेव्हाच भाव विचारला. आता सुना मोबाइलवर भाव पाहतात, पण मिरची घ्यायला मलाच पुढं करतात.