काळे सरांनी लिहिलेला शेरा

बेसा रोडवरच्या एका शाळेत मी घंटा वाजवतो. वर्गावर्गांतून फिरताना खडूचे तुकडे उचलून खिशात टाकायची सवय आहे. संध्याकाळी खिसा झटकला की तुकड्यांसोबत एखादा किस्साही निघतो. खडू संपतात, किस्से नाही!

*

आमचे काळे सर परीक्षा विभाग सांभाळतात. प्रगतिपुस्तकातले शेरे ते एका छापील पुस्तिकेतून उतरवतात. हजेरीतल्या पहिल्या पोराला पहिला शेरा, दुसऱ्याला दुसरा. सरळ काम!

त्यात गोलूच्या वाट्याला आलं, 'शांत स्वभाव. घरकामात मदत करतो.' याच गोलूनं आदल्या आठवड्यात चेंडू मारून स्टाफरूमचा पंखा वाकवला होता.

दुसऱ्या दिवशी गोलूची आई हजर.

"सर, हा कोणाचा पोरगा आहे जी?"

"तुमचाच."

"नाही जी. असा कुठं असंल तर मले द्या, अन् आमचा तुम्ही ठेवून घ्या!"

*

सरांनी कार घेतली. लायसनच्या टेस्टमध्ये तीनदा नापास! एकदा खांबाला टेकले, एकदा चढावर गाडी मागं आली, तिसऱ्यांदा रिव्हर्स घेत थेट साहेबाच्या टेबलापर्यंत गेले. चौथ्यांदा पास झाले, तेव्हा अख्ख्या स्टाफला संत्रा बर्फी वाटली.

मी हळूच विचारलं, "सर, पहिल्या तीन वेळचं काय?"

"ते कोण विचारून राहिलं आता, काका? आता चालवता येते न!"

पाचवीच्या मीनल मॅडमनी बर्फी खाता खाता हे नीट ऐकून ठेवलं.

*

मीनल मॅडमच्या वर्गात उमरेडहून रेशमा आली. भागाकार अजिबात येत नव्हता. पहिल्या सत्रात गणितात वीसपैकी दोन. तिचे बाबा ऑटो चालवतात. ते म्हणाले, "वर्ष संपेपर्यंत असंच राहिलं तर परत उमरेडले, आजीजवळ." पोरीचा चेहरा एवढासा झाला.

मधल्या सुट्टीत ती माझ्या स्टुलाजवळ येऊन बसायची. मी चौथी शिकलेला. भागाकार सुरू झाला अन् माझी शाळा सुटली. मी म्हटलं, "मॅडमनं सांगितलेलं मले सांग वं. मले पण नाही येत."

तिनं माझ्या खिशातले सतरा खडू काढले, पाच ढीग केले. "तीन-तीन झाले, काका. उरलेले दोन तुमच्या खिशात."

"हे दोन काहून नाही वाटले?"

"काका, किती वेळा सांगू?"

मॅडम रागावत नसतील तेवढी ती रागवायची!

*

वार्षिक परीक्षेत तिला वीसपैकी सोळा! पण सरांनी दोन्ही सत्रांची सरासरी काढली आणि श्रेणी आली 'क'.

मीनल मॅडम म्हणाल्या, "सर, तिला आता येतं."

"नियम म्हणजे नियम, मॅडम. सरासरी काढाच लागते."

"मग तुमच्या लायसनचीही काढू या का? चारही टेस्टची?"

स्टाफरूममध्ये फक्त तो वाकडा पंखा वाजत होता.

"श्रेणी बदलणार नाही," सर म्हणाले. मग पेनचं टोपण काढत, "शेरा मात्र मी लिहितो."

त्यांनी पुस्तिका चाळली. पुढून, मागून. मग मला विचारलं, "काका, ही सुट्टीत तुमच्यापाशी काय करत बसते?" मी सांगितलं. सरांनी पुस्तिका मिटून ठेवली.

*

निकालाच्या दिवशी रेशमाचे बाबा आले. 'क' पाहून त्यांचं तोंड पडलं. रेशमा माझ्या मागं लपली.

"चला, आजी वाट पाहून राहिली," म्हणत ते पुस्तक मिटणार, तोच शेरा दिसला. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. 'या मुलीने शाळेच्या शिपायाला भागाकार शिकवला.'

"खरं काय, काका?"

मी खिसा मॅडमच्या टेबलावर रिकामा केला. तेवीस खडू. मॅडम, बाबा, रेशमा अन् मी, माणसं चार. सावकाश पाच-पाच वाटले. उरलेले तीन परत खिशात टाकले.

बाबांनी चारही ढीग मोजून पाहिले. मग म्हणाले, "आलं न तुमाले! म्हणजे हिचं इथलं काम झालं."

रेशमानं मागून माझा सदरा घट्ट धरला.

मी म्हटलं, "नाही गा. अपूर्णांक राहिले न अजून!"