कासिमिरोचं वजन

कासिमिरोचा उजवा खांदा शिवून झाला होता, डावा राहिला होता. एर्मिंडाने सुई एप्रनच्या छातीला टोचून ठेवली, दोन्ही हात त्याच्या काखेखाली घातले आणि सवयीने हाक मारली, "म्हाताऱ्या, ये रे जरा, याला पालथा करायचाय." मग आठवलं, नवरा, डेल्फिन, सकाळीच होड्यांच्या कामावर गेलाय. पण हाक मारता मारता तिचे हात उचलले गेले होते, आणि कासिमिरो पालथा झालासुद्धा. एकटीच्या हातांनी. उशी उलटावी तसा.

ती तशीच उभी राहिली. चुलीवर पाणी खदखदत होतं, परातीत पावाचं पीठ फुगून वर आलं होतं. तिचं कशाकडे लक्ष नव्हतं.

कासिमिरो म्हणजे जाड ताडपत्रीचा माणूस. बारा वर्षांपूर्वी एर्मिंडानेच तो शिवला. गावच्या बंबखान्यामागे एक जुना लोखंडी कंटेनर आहे. आत मोडकी कपाटं, दारं, अर्धा जिना असं काय काय कोंबून अंधारखोली केलीय. आग विझवणारा स्वयंसेवक व्हायचं असेल तर मास्कची काच काळी करून, पाठीवर हवेची टाकी घेऊन रांगत आत जायचं, कुठेतरी लपवलेला कासिमिरो चाचपून शोधायचा आणि हवा संपत आल्याची टाकीची शिट्टी वाजायच्या आत त्याला ओढत बाहेर आणायचं. हे जमेपर्यंत जळत्या घरात पाऊल टाकायची परवानगी नाही. बाहेर उभं राहून पाइप धरायचा. पगार कोणालाच नाही, कॅप्टनलाही नाही, म्हणून नियम ढिले असतील असं कोणी समजू नये. चिलोए बेटावर घरं लाकडाची, छपरं लाकडाची, आणि जून ते ऑगस्टच्या थंडीत प्रत्येक घरात चूल दिवसभर पेटलेली. एका चुलीच्या धुराड्यात काजळी पेटली की निम्मी गल्ली जाते.

तशीच एकदा औदोलिना गेली. एर्मिंडाची जपमाळेची जोडीदारीण, तिच्या मुलाची धर्ममाता. बाई अंगाने भरलेली होती. दोन स्वयंसेवक तिच्यापर्यंत पोचले होते, पण तिला उंबऱ्यावरून बाहेर ओढता येईना. त्या दोघांत एक डेल्फिन होता. त्यानंतर बंबखान्याने हा नियम केला आणि एर्मिंडाने ताडपत्री मागून घेतली. महासागराच्या बाजूची बारीक काळी वाळू आणून, पीठ चाळायच्या चाळणीतून चाळून तिने तो भरला. अठ्ठ्याहत्तर किलो. तेवढेच का, ते फक्त तिला आणि डेल्फिनला ठाऊक. नाव मात्र पुरुषाचं ठेवलं, कोणाच्या जिवाला लागू नये म्हणून.

आणि आता अठ्ठ्याहत्तर किलो पालथे झाले होते एका सत्तावन्न वर्षांच्या बाईच्या हाताने.

तिने त्याला फरफटत मागच्या शेडमध्ये नेलं. तिथे तुळईला कप्पी आहे, डुक्कर कापलं की टांगायची; शेजारी बटाट्याची पोती तोलायचा काटा. कासिमिरोच्या कमरेला दोर बांधून तिने त्याला वर घेतलं. बावन्न.

"हे देवा," ती म्हणाली, आणि पहिलं नाव जे डोक्यात आलं ते सुनेचं होतं.

येत्या शनिवारी यास्नाची परीक्षा होती. यास्ना उत्तरेकडच्या वाळवंटातली, जिथे वर्षात एकदा पाऊस पडला तर लोक फोटो काढतात. मुलगा मासेमारीच्या जहाजावर दोन दोन महिने बाहेर, आणि ही घरात बसवत नाही म्हणून बंबखान्यात नाव घालून आलेली. उंची बेताची, मनगटं पेन्सिलीसारखी, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं बंब हिच्याच मालकीचा आहे.

एर्मिंडाने कासिमिरोला खाली उतरवून पाठीची शिवण पाहिली. मणक्यावरून कोणीतरी उसवून पुन्हा शिवली होती, मासेमारीच्या नायलॉनने. टाके तिचे नव्हते. आत हात घातला तर वाळूच्या वर लोकर दाबलेली. न धुतलेली, मेंढीचा वास येणारी. पण लोकर आणि नायलॉन नाही असं घर गावात दाखवा.

संध्याकाळच्या चहाला यास्ना आली. भिजलेले बूट दारात काढून तिने सरळ चुलीसमोर पाय केले.

"सासूबाई, पावाचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आलाय. जरा करपला का?"

"करपला," एर्मिंडा म्हणाली. "डोकं दुसरीकडे होतं. तुझं काय, तयारी?"

"एकदम! मागच्या शनिवारी सरावात चार मिनिटं शिल्लक ठेवून बाहेर आले. कॅप्टन म्हणाला, एवढ्याशा बाईत एवढं बळ कुठनं आलं."

"हो ना. कुठनं आलं?"

यास्नाने कप खाली ठेवला. "हे विचारताय की टोमणा मारताय?"

"विचारतेय. जड नाही लागत तुला?"

"पहिल्या महिन्यात मेले होते मी. एप्रिलमध्ये तर रडले, टाकीत रडायलाही हवा पुरत नाही. मग जमायला लागलं. सराव म्हणतात त्याला." तिने पावाचा करपलेला तुकडा वेगळा काढला. "का? कासिमिरोने तक्रार केली काय?"

"तो बिचारा काय बोलणार."

"बरंय. या घरात तेवढा एकजण तरी गप्प बसतो."

एर्मिंडा हसली नाही. ती सुनेचे हात बघत होती. या पोरीला साधं बटण लावता येत नाही. मणक्याची शिवण इतकी सरळ हिच्या हातून होणं कठीण. पण दुसऱ्याकडून करून घेता येते. आणि एप्रिलमध्ये जड, मग अचानक हलका, हे हिला कळलं नसेल? की कळूनही गोड मानून घेतलं?

रात्री जपमाळेत ती दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीला तीनदा चुकली. भिंतीवरचा नाझरेथचा येशू क्रूस खांद्यावर घेऊन तिच्याकडे बघत होता, आणि तिच्या मनात आलं, याच्या खांद्यावरचं वजन तरी कोणी कमी केलं नाही. लगेच तिने कपाळाला हात लावून क्षमा मागितली.

दुसऱ्या दिवशी बुधवार. नवा पाव फडक्यात बांधून ती बंबखान्यात गेली. कॅप्टन नावेल्किन, दिवसा शाळेच्या बसचा ड्रायव्हर, पाइप वाळत घालत होता. एर्मिंडाला तो लहानपणापासून ओळखतो, पण आज तिला त्याचंही हसू नको तितकं रुंद वाटलं. ऑगस्टमध्ये शहरातून तपासणीला माणसं येणार होती. आत जाऊ शकणारे किती, ते मोजणार होती. कमी भरले तर नवा बंब दुसऱ्या गावाला. माणसं वाढवायची घाई या गावात कोणाला असेल, तर याला.

"एर्मिंडाबाई! कासिमिरो बरा झाला का? शनिवारी लागेल मला."

"होईल. एक सांगा, वजन किती त्याचं?"

"मला काय विचारता? तुम्हीच जन्म दिलाय त्याला. अठ्ठ्याहत्तर."

"तुम्ही शेवटचा कधी उचललात?"

कॅप्टन पाव हुंगता हुंगता थांबला. "मी कशाला उचलू? मी बाहेर घड्याळ धरून असतो. आत लपवायचं काम एकाच माणसाचं. चावी मी दुसऱ्या कोणाला देत नाही, मलासुद्धा जागा माहीत नको म्हणून. डेल्फिनसारखा माणूस आहे म्हणून ही परीक्षा परीक्षा आहे, बाई. सख्ख्या चुलतभावाला त्याने दोन वेळा नापास केलंय."

"हो, ते आहेच," एर्मिंडा म्हणाली.

"तुमचा चेहरा असा का? काही झालंय?"

"पाव गरम आहे तोवर खा."

घरी येताना ती स्वतःशीच चरफडत होती. हा माणूस बोलण्यात किती हुशार, संशय आला की लगेच दुसऱ्याच्या चांगुलपणामागे लपतो. जूनच्या परीक्षेत दोन पोरं पास झाली, त्यांना याने किती घाईने बंबावर चढवलं! देव न करो, पण उद्या कोणाच्या घरात ते दोघे रांगत गेले आणि समोर खरं माणूस निघालं तर? खऱ्या माणसात लोकर नसते.

घराच्या लाकडी पायऱ्या रात्रीचं दव गोठून पांढऱ्या झाल्या होत्या. तिने पाय टाकला, आणि तो सरकला नाही. जून महिन्यापासून सरकला नव्हता. देवळात मिसेच्या प्रार्थनेला जाताना ती एकदा आपटली होती, तेव्हा तिनेच डेल्फिनला ऐकवलं होतं, "माझं हाड मोडल्यावर तरी या पायऱ्यांवर काही टाक." त्याच संध्याकाळी त्याने टाकलं होतं आणि तिने शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं.

ती वाकली. बारीक वाळू. काळी. तिने चिमूट उचलून बोटांत चोळली. गावच्या खाडीच्या किनाऱ्यावर नुसते गोटे आणि शिंपले. अशी वाळू बेटाच्या त्या बाजूला, महासागराकडे. आणि चाळणीतून गेलेली वाळू तिच्या बोटांना कळत होती.

दोन महिने ती या वाळूवरून देवळात जात होती.

मग एकेक गोष्ट आपोआप समोर येऊन बसली. डेल्फिन हल्ली बुटाचे बंद स्टुलावर पाय ठेवून बांधतो. होड्यांची फळ्या बसवायची कामं सोडून नुसतं रंगकाम घेतो. लाकडं फोडायला यास्नाला सांगतो आणि म्हणतो, पोरीचा व्यायाम होऊ दे. शर्टाला कापराचा वास येतो, आणि ती समजत होती पेटीतल्या कसरीच्या गोळ्यांचा.

दुपारी तो जेवायला आला तेव्हा कासिमिरो स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघड्या पाठीने पडला होता, लोकर बाहेर. शेजारी बशीत पायऱ्यांवरची वाळू.

डेल्फिनने टोपी काढली. बराच वेळ खुंटीवर अडकवत राहिला.

"मला वाटलं होतं, मार्चमधल्या वर्षाच्या दुरुस्तीपर्यंत तू पाठ उसवणार नाहीस," तो म्हणाला.

"मी सुनेवर संशय घेतला. कॅप्टनवर घेतला. तुझं नाव माझ्या मनात आलंच नाही. एकदासुद्धा नाही."

"बस जरा, सांगतो."

"तू बस. बसता येत असेल तर."

तो टेबलाला धरून हळूहळू बसला. मे महिन्यात, कासिमिरोला कपाटाच्या मागे सरकवताना, कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. अर्धा तास तो अंधारखोलीत त्या ताडपत्रीच्या माणसाशेजारी तसाच पडून होता. हाक मारली नाही. "हाक मारली असती तर डॉक्टरकडे नेलं असतं. डॉक्टरने कागदावर लिहिलं असतं. बंबावर एकतीस वर्षं झाली, म्हातारे. सायरन वाजल्यावर मी खिडकीत उभा राहून बघू?"

"म्हणून वाळू काढलीस."

"आधी थोडीच काढली. मग अजून थोडी."

"डेल्फिन, त्या दारात तू होतास. औदोलिनाच्या."

"होतो. म्हणून वजन म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये."

"तेच म्हणतेय मी!" एर्मिंडाने बशी टेबलावर आपटली, वाळू त्याच्या ताटात उडाली. "जूनमध्ये पास झालेले ते दोघे आज बंबावर आहेत. शनिवारी यास्ना चढेल. आपली पोर, बावन्न किलो ओढायला शिकलेली. आणि ज्या दिवशी अठ्ठ्याहत्तर समोर येईल त्या दिवशी तिला वाटेल आपल्यातच काही कमी आहे. ओढत राहील, बाहेर येणार नाही. तुला माहितीय ती कशी आहे."

डेल्फिनने ताटातली वाळू बोटाने एका बाजूला केली. 

"कॅप्टनला तू सांगणार?"

"तू सांगायचंस. चार वाजता तो बस लावून येतो. पाचला मी जाऊन विचारीन की तू आलास का."

"विश्वास नाही तुझा?"

"काल होता."

तो चारला गेला. पाचला ती विचारायला गेली. तो खरंच आला होता. बंबखान्याच्या बाकावर कॅप्टनशेजारी बसला होता, डेल्फिनचं हेल्मेट दोघांच्या मध्ये ठेवलेलं. ती आत गेली नाही. कॅप्टनने हात वर करून होकार दिला, तेवढं पुरे झालं. त्याच संध्याकाळी जूनच्या त्या दोघांना बंबावरून उतरवून पाइपावर ठेवलं आणि शनिवारच्या परीक्षेला तिघांची नावं लागली.

यास्ना घरी आली ती दार आपटूनच.

"तीन महिने मी लोकर ओढत होते? आणि तुम्हाला वाटलं मी काढली वाळू?"

"वाटलं," एर्मिंडा म्हणाली. "चुकले. पण मेपासून हलका होत गेला, तुला कळलं नाही?"

यास्ना ओले मोजे चुलीच्या दांडीवर टाकत राहिली. "मला वाटलं मी बळकट झाले," ती शेवटी म्हणाली. "वाटू द्यावंसं वाटलं."

हे खरं की अर्धं खरं, एर्मिंडाला ठरवता येईना. तिने ते देवावर सोडलं, पण पूर्ण नाही. कासिमिरोची पाठ आता लाल दोऱ्याने शिवायची आणि शेवटची गाठ आपल्या आईने शिकवलेली मारायची, जी गावात दुसऱ्या कोणाला येत नाही, हे तिने पक्कं केलं. यापुढे दर परीक्षेच्या सकाळी त्याला काट्यावर टांगायचं, कॅप्टनच्या समोर.

"शनिवारी नाही जमलं तर?" यास्नाने विचारलं.

"तर पाइप धर. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा जा."

"आणि मामंजी? त्यांचं काय?"

आतल्या खोलीत डेल्फिन पालथा झोपला होता, पाठीवर गरम विटेचं फडकं. एर्मिंडाने दार ओढून घेतलं. "ते मला निस्तरू दे. तू लवकर झोप. सहाला उठायचंय."

गुरुवारी सकाळी, अंगणात अजून पांढरं असताना, दोघी दोन रिकामी पोती आणि पीठ चाळायची चाळणी घेऊन निघाल्या: सातची बस पकडून, महासागराच्या किनाऱ्यावरून सव्वीस किलो काळी वाळू आणायला.