धरून ठेवा

माझ्या मामाला सगळे हॅलोमामा म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, वैताग जास्त असे. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या ऑफिसात टेबलाखाली शिरून "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?" असं विचारणं हा त्याचा धंदा. घरी जेवताना हाक मारली तरी "ओ" ऐवजी तोंडातून "हॅलो" निघायचं. मामी म्हणायची, "तुमचं लग्न माझ्याशी झालंय की टेलिफोनशी, एकदा काय ते सांगून टाका." मामा खरंच विचारात पडायचा. ते विचारात पडणंच तिला जास्त झोंबायचं.

त्याचं काम एक्स्चेंज बसवण्याचं. कारखाना असो की लॉज, बाहेरून फोनच्या लाइनी यायच्या दोन आणि बोलायला आसुसलेली माणसं असायची चाळीस. त्या दोन लाइनी सगळ्यांत वाटायच्या म्हणून भिंतीवर एक डबा ठोकायचा, त्यातून खोल्याखोल्यांत वायरी फिरवायच्या, आणि आलेला फोन कुठे वाजवायचा, तिथे कुणी उचलला नाही तर पुढे कुणाकडे धाडायचा, हे त्या डब्याला शिकवायचं. मामा 'शिकवायचं' असंच म्हणे. एखादा डबा हट्टी निघाला की त्याच्यापुढे उकिडवा बसून हळू आवाजात समजूत घालायचा. आमच्या वाट्याला एवढा धीर कधी आला नाही.

लहानपणी मी त्याच्या मांडीवर बसून रिसीव्हर कानाला लावायचे. आत नुसता तो लांबच लांब सूर. "हे कोण बोलतंय?" मी विचारलं होतं. "बोलत नाहीये गं," मामा म्हणाला, "ऐकतंय. कुणीतरी लांब बसून 'हं… सांग' म्हणतंय." मी तासन्‌तास तो 'हं' ऐकत बसायचे. मामाही डोळे मिटून दुसरा रिसीव्हर धरून बसलेला. पडदे हलायचे, उन्हाचा चौकोन फरशीवरून भिंतीवर चढायचा, आणि आम्ही दोघं काहीही न सांगता त्या 'हं'मध्ये बुडालेलो. मामी आत भांडी आपटायची, तेव्हा कुठे जमिनीवर यायचो.

वायर नीट बसली नसेल तर तो सूर किंचित खरखरे. ती खरखर इतरांना ऐकूही यायची नाही, मामाला तीन खोल्या पलीकडून कळायची. त्याचा मालक गिऱ्हाइकांना सांगे, "मशीन कुणीही बसवेल हो, आमच्याकडे कान आहे."

आणि याच माणसाचे कान गेले.

एकदम नाही. आधी म्हणे कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली, मग बायकांच्या आवाजातले 'स' आणि 'श' गळून पडायला लागले. हे त्यानं फक्त मला सांगितलं. एका संध्याकाळी बसथांब्यावर बाकावर बसलो होतो, आणि तो समोर बघत अगदी सहज म्हणाला, "मामीला सांगू नकोस. मालकाला तर मुळीच नाही. तीस वर्षं मी कानावर जगलो. कान नाही म्हटल्यावर मला दारात कोण उभं करेल?"

"मग काम कसं करतोस?"

"सांभाळतो मी."

कसं, ते मी विचारलं नाही. मामा एक्स्चेंज बसवत नाही, घरी बसून भिंतीकडे बघतोय, हे चित्र मला डोळ्यांसमोर आणवेना. गुपित मी शपथ घातल्यासारखं पाळलं. एवढंच नाही, मी नोकरीला होते त्या महिला वसतिगृहात नवीन एक्स्चेंज बसवायचं ठरलं, तेव्हा मीच रेक्टरबाईंच्या मागे लागून ते काम मामाच्या मालकाला मिळवून दिलं. माझ्या डोळ्यांसमोर असलेला बरा, म्हटलं. काही कमीजास्त झालं तर झाकता येईल.

तोवर वसतिगृहात फोन एकच होता, माझ्या टेबलावर. तो वाजला की मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन नावानं ओरडायचे, मग वरून चपला फटफटत कुणीतरी धावत यायची आणि तोवर पलीकडची आई ताटकळलेली. बाहेर फोन लावायची सोय नव्हतीच, डायल पहिल्यापासून कुलपात. त्यामुळे घरून येणाऱ्या फोनवर सगळ्यांचा जीव. शनिवार-रविवारी तर माझा घसा बसायचा.

मामा गुरुवारी आला. दोन दिवस तो वसतिगृहात सावलीसारखा फिरत होता. प्रत्येक मजल्यावर जिन्याशी सायीच्या रंगाचा एक फोन बसला, तीन मजले, तीन फोन. वायरी त्यानं अशा खुबीनं दाराच्या चौकटीवरून नेल्या की रेक्टरबाईंनाही खोड काढायला जागा मिळाली नाही, आणि त्या खोड काढल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसत. फोन आला की आता डबा स्वतःच उचलणार, आलेल्याला थांबायला सांगणार आणि मग माझ्या टेबलावर घंटी वाजवणार. मी विचारायचं कोण हवंय, नि एक बटण दाबून त्या मजल्यावर सोडायचं. ओरडणं बंद.

आलेल्याला थांबायला सांगायचं ते माझ्या आवाजात. मी घरी आरशासमोर सराव केला होता. 'नमस्कार, कृपया थोडा वेळ धरून ठेवा, आम्ही आपला फोन जोडत आहोत.' रेक्टरबाईंनी कागद घेतला. "नमस्कार कशाला? डब्याला कोण नमस्कार करतंय?" नमस्कार खोडला. "कृपया कशाला? आपण काय उसने मागतोय?" कृपयाही गेला. असं करत करत कागदावर दोनच शब्द उरले. धरून ठेवा.

शुक्रवारी दुपारी आम्ही ते डब्यात भरलं. मुली कामावर गेलेल्या, सगळी इमारत पेंगुळलेली, खिडकीतून धुळीचे कण सावकाश उतरत होते. मामा म्हणाला, "बीप झाली की एक श्वास घे, मग बोल. डब्याला जागं व्हायला जरा वेळ लागतो." बीप झाली, मी बोलले. मग त्यानं रिसीव्हर माझ्या कानाला लावला आणि भरलेलं वाजवून दाखवलं. आपला आवाज असा बाहेरून मी पहिल्यांदाच ऐकत होते. कुणा दुसऱ्याच, जास्त चांगल्या मुलीचा वाटला तो मला. मी परत वाजवायला लावलं. मग मामानं रिसीव्हर स्वतःच्या कानाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "झकास."

शेवटची परीक्षा म्हणून तो कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तिथून फोन लावायला गेला. थोड्या वेळानं माझ्या टेबलावर घंटी वाजली. "हॅलो, येतोय का आवाज?" येतोय, मी ओरडून सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. मामाचं काम पास झालं होतं.

शनिवार शांत गेला. रविवार त्याहून शांत. एवढा निवांत रविवार त्या इमारतीनं पाहिला नव्हता. मुली न्हाऊन, ओले केस मोकळे सोडून आपापल्या मजल्यावर त्या सायरंगी फोनपाशी पायऱ्यांवर बसल्या होत्या. कुणी नखं कापत होती, कुणी पुस्तक उघडून एकाच पानावर अडकलेली. ऊन एकेक पायरी खाली उतरत गेलं. नर्सचं काम करणारी एक मुलगी फोनच्या खालीच भिंतीला टेकून झोपली, आणि झोपेतच म्हणाली, "माझाच असेल." कुणाचाच नव्हता. रेक्टरबाईंनीही दुपारी डोळा लावला. मी माझ्या टेबलाशी हनुवटी टेकून बसले होते आणि वाटत होतं, सगळ्यांच्या घरची माणसं आज एकदमच आपल्याला विसरली की काय. दोन दिवसांत माझ्याकडे एकच घंटी वाजली, ती एका राँग नंबरची. तो गृहस्थ ट्रॅक्टर मागत होता आणि माझं काही ऐकूनच घेत नव्हता.

सोमवारी सकाळी एक आई आली. बसनं, पिशवी घेऊन, चार तासांचा प्रवास करून. आल्या आल्या तिनं आधी मुलीला छातीशी धरलं आणि मग आमच्याकडे वळली.

"काय झालं होतं इथे?"

"कुठे काय?" रेक्टरबाई म्हणाल्या.

"मी सहा वेळा फोन लावला. दर वेळी एक बाई म्हणते, 'ठेवा.' इतक्या गोड आवाजात म्हणते, मला वाटलं काहीतरी कारण असल्याशिवाय अशी सांगणार नाही. ठेवला बाई. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या!"

रेक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी धावत कोपऱ्यावरच्या दुकानात गेले नि आमचाच नंबर फिरवला. पलीकडे उचलला गेला, आणि माझाच आवाज अगदी मधाळपणे म्हणाला, "ठेवा."

मी ठेवला. खरंच सांगते, हात आपोआप खाली गेला. मग दुकानदाराकडे बघत उभी राहिले, आणि सगळं लख्ख कळलं. 'धरून' डब्यानं खाल्लं होतं. उरलेला 'ठेवा' ऐकून दोन दिवस सगळ्यांच्या आया, बाप, भाऊ निमूटपणे फोन ठेवत होते. राँग नंबरवाला कुणाचंच ऐकत नव्हता म्हणून टिकला. आणि शुक्रवारी मामा टिकला, कारण त्याला ऐकूच आलं नव्हतं. आता हे बाहेर आलं की मामा संपला.

मी परत आले तेव्हा मामाला निरोप गेलेला होता. तासाभरात तो हजर झाला, हातात हत्यारांची पेटी. ऑफिसात रेक्टरबाई, ती आई, दारात सात-आठ मुली. मी वाटेतच ठरवून टाकलं होतं. मामानं पेटी खाली ठेवायच्या आत मी बोलले, "चूक माझी आहे. मामांनी सांगितलं होतं बीपनंतर श्वास घे म्हणून, मी घेतला नाही. घाईत बोलले. त्यांचा काही दोष नाही."

खोटं बोलताना मला मोठं उदात्त वगैरे वाटत होतं. रेक्टरबाईंनी माझी यथेच्छ खरडपट्टी काढली, आणि मी ती मान खाली घालून, आतून सुखावत ऐकून घेतली. वाचला मामा, म्हटलं.

मामा सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. माझं बोलून झाल्यावर तो रेक्टरबाईंच्या समोर गेला. मला वाटतं, त्याला खुर्ची हवी होती, पण त्यानं मागितली नाही.

"बाई, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. सूर येतो अजून, शब्द येत नाहीत. मी परत भरून देतो, पण या वेळी ऐकायचं तुम्ही."

मी इतका जपलेला माणूस स्वतःच्या हातानं सगळं उधळून मोकळा झाला होता.

"मग शुक्रवारी तुम्ही पास कशावरून केलंत?" रेक्टरबाईंनी विचारलं.

"हिच्या चेहऱ्यावरून," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तो फक्त कामाची रीत सांगत होता. "आवाज नीट आला की माणसाचा चेहरा उघडतो. अडकला की कपाळाला आठी पडते. चार वर्षं मी तेच वाचतो, एकदाही चुकलो नाही. हिनं श्वास घेतला नाही ते मला दिसलं होतं. म्हणूनच तर हिला वाजवून दाखवलं. हिनं ऐकलं आणि हसली. परत लाव म्हणाली, परत हसली. मला वाटलं, सगळं आलं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी हसले होते ते आवाज किती गोड आहे म्हणून. शब्द एकच येतोय, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मी जे खोटं म्हणून सांगितलं होतं, ते अक्षरन्‌अक्षर खरं होतं.

रेक्टरबाई उठल्या, मामाच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "इथून पुढे इथलं काम करताना माझा चेहरा बघत जा. मी उगाच हसत नाही."

मामानं ते त्यांच्या ओठांवरून वाचलं आणि पेटी उघडली. मुली हसल्या, ती आईसुद्धा हसली. मला मात्र मान वर करता येईना. दोन दिवस सगळ्यांच्या आयांना मी परत पाठवलं होतं, आणि माझे दोन्ही कान अगदी उत्तम आहेत.