टॉवेलांचा गोठा

मुलीच्या आग्रहानं आम्ही नवरा-बायको नाशिकहून थेट क्रूझवर गेलो होतो. शेजारच्या केबिनमध्ये सिन्नरकडचे एक भाजीवाले शेतकरी आणि त्यांच्या मंडळी. किनारा दिसत नव्हता, काम नव्हतं, सगळे डेकवर लोळत. हे गृहस्थ मात्र आंघोळीनंतर धोतराच्या सोग्यानं डोकं पुसत बाहेर येत.

"तुम्हाला टॉवेल देत नाहीत का हो?" मी एकदा विचारलं.

"देतात की. पण त्याचा हत्ती करून ठेवतात. कुणी एवढ्या मायेनं सोंड वळवलेली, ती मी कशी उलगडू?"

मग त्यांनी मला केबिन दाखवली. पलंगावर हत्ती, ससे, बदकं दाटीवाटीनं बसली होती. काकू कोपऱ्यातल्या खुर्चीवर.

"मला निजायला जागा नाय," त्या म्हणाल्या. "हे म्हणतात, सशाला हलवू नको."

तेवढ्यात केबिन आवरणारा गोव्याचा माणूस टॉवेल शोधत आला. कमी पडलेल्या टॉवेलांनी तो बेजार झाला होता. ती जत्रा पाहून तो दारातच हसत खाली बसला. पुढचे दिवस रोज दुपारी त्यानं काकांना घड्या शिकवल्या.

उतरायच्या सकाळी काकांनी त्याच्यासाठी पलंगावर एक पांढरा गोळा करून ठेवला.

"हे काय?" मी विचारलं.

"गाय," ते अभिमानानं म्हणाले. "पाय काय जमले नाय, म्हणून बसवली."