अर्धा इंच मास्तर

मास्तरांच्या पँटची कंबर ब्लेडने उसवत त्यांची बायको खिडकीशी बसली होती. निम्मी शिवण उसवली, तेवढ्यात आतून ओकारीचा आवाज आला. आज सकाळपासूनची ही चौथी. पँट, ब्लेड, सगळं पिशवीत कोंबून तिने गाडी बोलावली आणि मास्तरांना दवाखान्यात आणलं.

मास्तर शिंपी. गिऱ्हाईक कितीही घट्ट माप सांगो, ते शिवणीच्या आत कापड राखणारच. ओठांत टाचण्या धरूनच म्हणायचे, "अर्धा इंच आत ठेवतो. माणूस काही पुतळा नाही." सगळा बाजार त्यांना 'अर्धा इंच मास्तर' म्हणे.

त्या अर्ध्या इंचानेच घात केला. चार महिन्यांत तिने त्यांची कंबर तीनदा सैल केली होती.

"बसून बसून पोट सुटलंय तुमचं."

"तुझ्या हाताला चव आहे, त्याला मी काय करू?"

आणि त्याच महिन्यांत शर्टाचे खांदे उतरू लागले, ते मास्तरांनी दुकानात बसून गुपचूप आत घेतले. कंबर घरी, खांदे दुकानात. दोन्ही मापं एका कागदावर कुणी मांडलीच नाहीत.

तीन दिवस शौचाला झालं नव्हतं, वारासुद्धा सरला नव्हता. ज्या आवाजाला तिने जन्मभर नाक मुरडलं, तो एकदा ऐकू यावा म्हणून आता ती बाकावर बसून देवाला विनवत होती.

शिरेतून औषध सोडून पोटाचा सीटी स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्यासमोर बसवलं.

"मावशी, हे मोठं आतडं. इथवर फुगलंय, आणि इथे एकदम चिंचोळं. नाडी ओढून धरावी तसं. तिथे गाठ आहे. कॅन्सरचीच दिसतेय."

"फुटलं तर नाही ना?"

"नाही, फुटलं असतं तर आतड्याबाहेर हवा दिसली असती. पण उजवीकडे फार ताण आलाय, आजच ऑपरेशन करावं लागेल. यकृतात मात्र पसरलेला दिसत नाही. पोट कधीपासून वाढतंय?"

तिने पिशवीतून पँट काढली. कमरपट्टीवर सुईच्या भोकांच्या तीन ओळी होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांवरून बोट फिरवलं.

मास्तर खाटेवर होते, नाकात नळी.

"फुटलं नाहीये," ती म्हणाली. "देवाने तेवढं राखलंय."

"बघ. आत थोडं ठेवावं माणसाने."

"अहो, शौचासाठी पोटावर पिशवी लावणार आहेत. काही महिने."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे."

मास्तरांनी बोटाने पोट चाचपलं. "मला टेप आणि खडू आणून दे. जागा मी दाखवतो. यांचा काय भरवसा, नेमकं कमरपट्टीखाली भोक पाडतील!"

नर्सला हसू आलं. "काका बरोबर बोलतायत. खूण आम्ही आधीच करतो, तुम्ही सांगा."

तीही हसली, आणि हसता हसता तिला दुकान आठवलं. घराखालच्या दुकानात मशीन झाकून ठेवलं होतं. त्याच्या खडखडीने दुपारी डोळा लागत नाही म्हणून तिने किती वेळा जिन्यातून ओरडून भांडण काढलं असेल. ती खडखड परत सुरू होऊ दे देवा, मी जन्मभर जागी राहीन.

ऑपरेशनला दोन तास होते. आपल्या हातातल्या पिशवीच्या तळातून तिने किल्ली शोधून काढली. दुकान उघडून टेप आणि खडू आणायचा होता.